शब्दार्थ आणि शब्दप्रयोग : वऱ्हाडांतील इंग्रजी विद्येची एक वाट

श्रोतेहो, परभाषेंतला अवघड शब्द आपलासा कसा करावा, हा प्रश्न वरवर पाहतां शाळामास्तरांचा आणि परीक्षार्थींचा आहे. ज्याला तो सुटला त्यानें पुढच्या इयत्तेंत जावें, ज्याला सुटला नाहीं त्यानें पुन्हां त्याच बाकावर बसावें, इतकेंच त्याचें महत्त्व बहुतेक घरांतून मानलें जातें. परंतु या प्रश्नाकडे इतिहासाच्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे त्याचें स्वरूप पालटतें. इंग्रजी अंमल आल्यापासून आपल्या प्रांतांत कोणास नोकरी मिळाली, कोणास वरिष्ठ कोर्टांत आपली बाजू स्वतः समजून घेतां आली, कोणाच्या मुलास वैद्यक वा स्थापत्य शिकतां आलें, या गोष्टी पुष्कळ अंशीं इंग्रजी शब्दांवरील हुकमतीवर अवलंबून राहिल्या. तेव्हां शब्द कसे शिकविले गेले याचा इतिहास म्हणजे विद्येचें दार कोणासाठीं किती उघडलें याचाच इतिहास होय.

शब्द शिकण्याच्या रीती मुख्यतः दोन. एक अर्थाची व दुसरी प्रयोगाची. पहिल्या रीतींत शब्दासमोर त्याचा प्रतिशब्द अथवा त्याची व्याख्या मांडतात आणि विद्यार्थी ती जोडी पाठ करतो. दुसऱ्या रीतींत तो शब्द एखाद्या वाक्यांत, एखाद्या प्रसंगांत नांदतांना दाखवितात, आणि त्याच्या वागणुकीवरून विद्यार्थी त्याचा स्वभाव ओळखतो. या दोन रीतींचा मेळ कोठें बसला व कोठें तुटला, हें आज आपल्याला वऱ्हाडच्या भूमीवर उभें राहून पाहावयाचें आहे.

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांत इंझोरी नांवाचें एक गांव आहे. कापसाच्या आणि तुरीच्या मुलुखांतलें हें गांव कोशकारांच्या किंवा विद्यापीठांच्या इतिहासांत कोठें नोंदलेलें नाहीं. आणि म्हणूनच आजच्या विषयासाठीं तें योग्य ठिकाण आहे. पुण्यामुंबईच्या विद्वानांनीं इंग्रजी कशी आत्मसात केली हें आपण पुष्कळदां ऐकलें आहे. परंतु कोणत्याही शिक्षणपद्धतीची खरी परीक्षा राजधानींत होत नाहीं. ज्या घरांत ती भाषा कोणाच्याच कानांवर पडत नाहीं, अशा घरांतल्या मुलाच्या हातीं ती पडते तेव्हां होते. इंझोरी हें अशा शेंकडों गांवांचें प्रतिनिधि समजूं.

हा परिसर बहुभाषिकतेला नवखा आहे असें मात्र कोणी समजूं नये. आजचें वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेलें वत्सगुल्म. तेथें सांपडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट इसवी सनाच्या चौथ्या शतकांतला मानतात. त्यांत राजाची वंशावळ संस्कृतांत आहे, आणि जमिनीच्या दानाचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतांत आहे. प्रतिष्ठेची भाषा एक आणि कामाची भाषा दुसरी, ही स्थिति या भूमीनें सुमारें सोळाशें वर्षांपूर्वींच पाहिली आहे. इंग्रजी आली तेव्हां प्रश्न जुना होता, फक्त भाषा नवी होती.

जुन्या पंडितांनीं या प्रश्नाचें उत्तर कसें दिलें होतें? त्यांची मुख्य भिस्त पहिल्या रीतीवर, म्हणजे अर्थाच्या रीतीवर होती. संस्कृत शिकूं लागलेला मुलगा प्रथम अमरकोश पाठ करी. तीन कांडांच्या या पद्यमय कोशांत एका वस्तूचीं अनेक नांवें छंदांत ओंवलेलीं आहेत. मुखोद्गत करण्यास छंदाचें साहाय्य, आणि काव्य रचतांना व वाचतांना शब्दांचा साठा हातीं, असा त्याचा दुहेरी उपयोग होता. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथ पंडितांनीं राज्याभिषेकानंतरच्या काळांत रचलेला ‘राज्यव्यवहारकोश’ याच परंपरेंतला. राजदरबारांत रूढ झालेल्या सुमारें १,४०० फारसी, अरबी व दखनी शब्दांना त्यांनीं दहा वर्गांत संस्कृत प्रतिशब्द दिले. या कोशामागील राजकीय दृष्टि मोठी होती. परंतु रीत प्रतिशब्दाचीच होती. एका शब्दासमोर दुसरा शब्द, मध्यें वाक्य नाहीं.

आतां दुसरी रीत पाहूं; आणि येथें वऱ्हाडास विशेष अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर हें महानुभाव पंथाचें पुरातन केंद्र. श्रीचक्रधरस्वामींच्या नंतर, तेराव्या शतकाच्या अखेरीस, त्या पंथांतील केसोबासांनीं ‘दृष्टान्तपाठ’ सिद्ध केला. त्यांत ११४ दृष्टान्त आहेत, आणि त्यांची मांडणी लक्षांत घेण्यासारखी आहे. आरंभीं सूत्र, नंतर दृष्टान्त, आणि शेवटीं दार्ष्टान्तिक. म्हणजे प्रथम थोडक्यांत सिद्धान्त सांगावयाचा, मग रोजच्या व्यवहारांतलें एखादें उदाहरण द्यावयाचें, आणि तें उदाहरण सिद्धान्ताला कसें लागू पडतें हें स्पष्ट करावयाचें. याच पंथानें ‘प्रकरणवश’ नांवाचा आणखी एक ग्रंथप्रकार निर्माण केला. स्वामींचें अमुक वचन कोणत्या प्रसंगीं व कोणास उद्देशून निघालें, हें त्यांत नोंदलेलें असतें. प्रसंग कळल्यावांचून वचनाचा अर्थ पुरा कळत नाहीं, ही जाणीव त्यामागें आहे. आधुनिक कोशकार व्याख्येखालीं उदाहरणादाखल वाक्य देतो तेव्हां तो याच तत्त्वाचा अवलंब करतो. याच दृष्टान्तपाठांत जन्मांधांनीं हत्ती चांचपून पाहिल्याचा दृष्टान्त आहे. ज्याच्या हातीं जो अवयव आला, तेवढाच हत्ती त्याला वाटला. अवघड परकी शब्द हा असाच एक हत्ती आहे. कोशांतला एक प्रतिशब्द म्हणजे त्याचा एक अवयव होय.

आतां इंग्रजीकडे वळूं. मराठी आणि इंग्रजी यांची गांठ घालून देणारे पहिले कोश मराठी माणसासाठीं निर्माण झालेले नव्हते, हें प्रथम ध्यानांत ठेवावें. श्रीरामपूरच्या विल्यम केरी यांचा मराठी-इंग्रजी कोश १८१० सालीं निघाला. त्यांतले मराठी शब्द मोडी लिपींत छापलेले होते. व्हान्स केनेडी यांचा कोश १८२४ सालीं मुंबईस प्रसिद्ध झाला. १८२९ सालीं शास्त्रीमंडळानें मराठीचा मराठींत अर्थ देणारा कोश तयार केला. आणि १८३१ सालीं जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांनीं, जॉर्ज व टॉमस कँडी या जुळ्या बंधूंच्या आणि मराठी शास्त्र्यांच्या साहाय्यानें, आपला प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोश प्रकाशित केला. लोक त्यांना कौतुकानें मोलेसरशास्त्री म्हणत. १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत हा कोश सुमारें ६०,००० शब्दांपर्यंत पोहोंचला. मोल्सवर्थांचें वैशिष्ट्य असें कीं, ते नुसता प्रतिशब्द देऊन थांबत नाहींत. शब्दाचे निरनिराळे अर्थ वेगळे करून दाखवितात, आणि ठिकठिकाणीं म्हणी, वाक्प्रचार व लोकांच्या बोलण्यांतले प्रयोगही देतात. परंतु हें सर्व साहाय्य मराठी शिकूं पाहणाऱ्या इंग्रज अंमलदाराला होतें. मराठी मुलाला हवा होता तो याच्या उलट दिशेचा कोश. तो मोल्सवर्थांनीं आरंभिला, टॉमस कँडी यांनीं पुरा केला आणि १८४७ सालीं तो बाहेर पडला.

कँडी यांच्यापुढची अडचण मोठी होती. ‘झाड’, ‘घोडा’, ‘नदी’ यांना प्रतिशब्द देणें सोपें. परंतु जी कल्पनाच आपल्या समाजांत निराळ्या रूपानें वावरते, तिला प्रतिशब्द कोठून आणावा? तेथें व्याख्या रचावी लागते, किंवा नवा शब्द घडवावा लागतो. आज आपण सहज वापरतों अशा कितीतरी मराठी शब्दांना आजचा अर्थ या घडामोडींतूनच मिळाला. कँडी यांनींच १८५० सालीं विरामचिन्हांवर पुस्तिका लिहून मराठी वाक्याला स्वल्पविराम आणि पूर्णविराम यांची शिस्त लावण्याचा प्रयत्न केला. तेव्हां इंग्रजी शब्द शिकण्याच्या खटपटींत मराठी भाषाही बदलत होती, हें विसरतां येत नाहीं.

खुद्द इंग्लंडांत शब्दासोबत वाक्य देण्याची रीत याच्या बरीच आधीं प्रतिष्ठा पावली होती. सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५ सालच्या कोशांत सुमारें ४२,००० शब्द असून त्यांच्या समर्थनार्थ ग्रंथकारांचीं सुमारें १,१४,००० अवतरणें दिलेलीं होतीं. शब्दाचा अर्थ कोशकार ठरवीत नाहीं, उत्तम लेखकांचा प्रयोग ठरवितो, हा त्यांतला आशय. आपल्याकडे ही दृष्टि दुसऱ्या वाटेनें आली. बाळशास्त्री जांभेकर यांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं ‘दर्पण’ सुरू केलें, तें इंग्रजी आणि मराठी अशा दोन स्तंभांत. एकच मजकूर शेजारीं शेजारीं दोन भाषांत वाचावयास मिळे. पाठ करावयाचे शब्दार्थ त्यांत नव्हते. होतीं तीं वाहतीं वाक्यें. ज्याला वाचण्याची चिकाटी होती त्याच्यासाठीं तें वर्तमानपत्र ही एक शाळाच होती.

वऱ्हाडांत हें सर्व उशिरां पोहोंचलें. १८५३ सालच्या तहान्वयें निजामानें हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखालीं दिला. पुढें १९०३ सालीं तो मध्यप्रांताला जोडला गेला. १९०५ सालीं वाशीम जिल्हा अकोल्यांत विलीन झाला, आणि १ जुलै १९९८ रोजीं तो पुन्हां स्वतंत्र झाला. इंग्रजी कारभार आला तशी इंग्रजी भाषाही आली. परंतु ती दोन निरनिराळ्या दारांनीं आली, आणि आपल्या विषयाचें मर्म येथेंच आहे.

एक दार बाजाराचें आणि कचेरीचें. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें असतां वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व भाव आला. पाठोपाठ रेल्वे आली. १८६७ सालीं ती नागपुरास पोहोंचली. सरकी काढण्याचे आणि गांठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. ‘जीन’, ‘प्रेस’, ‘टेसन’, ‘तिकीट’, ‘समन्स’, ‘वॉरंट’, ‘अपील’ हे शब्द गांवोगांव पसरले. ज्या शेतकऱ्याला इंग्रजी मुळाक्षर ठाऊक नव्हतें, तो ‘अपील’ हा शब्द अचूक वापरी. अपील केव्हां करतात, कोणाकडे करतात, त्याला मुदत असते, खर्च लागतो, आणि तें फेटाळलें जातें किंवा मंजूर होतें, हें सारें त्याला ठाऊक असे. कारण त्यानें तो शब्द पुस्तकांतून उचललेला नव्हता. आपल्या किंवा शेजाऱ्याच्या जमिनीच्या दाव्यांतून उचलला होता. त्याच्यापाशीं व्याख्या नव्हती, परंतु उदाहरण पुरेपूर होतें.

दुसरें दार शाळेचें. तेथें मुलगा तोच शब्द ‘अपील म्हणजे विनंति’ असा पाठ करी. त्याच्यापाशीं अर्थ होता, परंतु प्रसंग नव्हता. शेतकरी बापाला शब्दाचा संसार माहीत आणि शिकलेल्या मुलाला त्याचें नुसतें नांव माहीत, अशी विचित्र स्थिति झाली. दोन्ही ज्ञानें एका ठायीं यावयास हवीं होतीं. पण शाळेनें बापाचें ज्ञान ज्ञान म्हणून मोजलेंच नाहीं.

तरीही त्याच शाळांतून मोठीं माणसें निघालीं, तीं कशी, हेंही पाहिलें पाहिजे. सातारा जिल्ह्यांतील टेंभू येथें १८५६ सालीं जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर दारिद्र्याशीं झगडत अकोल्यास आले आणि तेथूनच १८७५ सालीं मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. अकोल्याच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक होते विष्णु मोरेश्वर महाजनी. हे पुढें वऱ्हाडच्या शिक्षणखात्याचे संचालक झाले, आणि १९०७ सालच्या पुणें येथील साहित्यसंमेलनाचे अध्यक्षही झाले. महाजनींनीं शेक्सपियरच्या ‘सिंबेलाइन’ नाटकावरून ‘तारा’ हें नाटक रचलें; आगरकरांनीं ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ लिहिलें. गुरु आणि शिष्य या दोघांनींही शेक्सपियर मराठींत आणावा, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाहीं. ज्याला भाषांतर करावयाचें आहे त्याला प्रतिशब्दावर भागवितां येत नाहीं. हा शब्द या पात्राच्या तोंडीं, या क्षणीं, कोणत्या भावनेनें आला, असा प्रश्न त्याला प्रत्येक ओळीला विचारावा लागतो. भाषांतर ही शब्द शिकण्याची सर्वांत कठोर शाळा आहे. आगरकरांनीं १८८८ सालीं ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचें पृथक्करण’ हें पुस्तकही लिहिलें. इंग्रजी व्याकरणांतली वाक्यपृथक्करणाची पद्धति त्यांनीं मराठी वाक्याला लावून पाहिली. शब्दाची खरी जागा वाक्यांत आहे, ही दृष्टि त्या खटपटींतही दिसते.

भाषांतराची हीच शाळा सामान्य विद्यार्थ्याच्या दारीं नेली ती तर्खडकरांनीं. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या तीन भागांच्या ‘भाषांतर पाठमाले’नें महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकविलें. तिची योजना साधी होती. आधीं नियम, मग थोडे शब्द, नंतर त्याच शब्दांचीं इंग्रजी वाक्यें मराठींत करावयास, आणि शेवटीं मराठी वाक्यें इंग्रजींत करावयास. तर्खडकरांचीं वाक्यें तुटक असत. एका वाक्यांत राजा, दुसऱ्यांत बैल, तिसऱ्यांत कोणाची तरी मावशी. त्यांची थट्टाही पुष्कळ झाली. परंतु त्या तुटक वाक्यांनीं एक गोष्ट साधली. शब्द हातीं आला कीं तो लगेच कामाला लावावयाचा, ही संवय त्यांनीं लावली. शिवाय वाक्यांतले बैल, विहिरी, सासुरवाशिणी ओळखीच्या होत्या; परका होता तो फक्त शब्द. ज्या घरांत इंग्रजी जाणणारें कोणी नव्हतें त्या घरांतही दिव्यापाशीं बसून एकट्यानें अभ्यास करतां येई, हें त्या पुस्तकाचें सर्वांत मोठें पुण्य.

कोशांच्या बाजूनेंही प्रयत्न थांबले नव्हते. बाबा पदमनजी यांनीं मोल्सवर्थांच्या कोशाचा शाळकरी संक्षेप १८६३ सालीं काढला. नीलकंठ बाबाजी रानडे यांचा विसाव्या शतकाचा इंग्रजी-मराठी कोश १९०३ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध होऊं लागला, तो १९१६ पर्यंत पुरा झाला. त्यांत उच्चार आणि व्युत्पत्ति यांसह शास्त्रीय परिभाषेचाही समावेश होता. साधनें वाढत होतीं. परंतु साधनांबरोबर परीक्षाही वाढत होती. आणि परीक्षेला लागतो तो अर्थ. शब्द लिहा, अर्थ लिहा, गुण घ्या. त्यामुळें शब्दार्थांच्या वह्या आणि तयार टीपा यांचा सुळसुळाट झाला, आणि प्रयोगाची रीत मागें पडली.

याचा परिणाम काय होतो, तें दोनचार उदाहरणांनीं पाहूं. ‘नोटोरियस’ या शब्दाचा अर्थ ‘सर्वांस ठाऊक असलेला, प्रसिद्ध’ असा कोणी पाठ केला, तर तो मुलगा निःशंक मनानें एखाद्या संतालाही तें विशेषण लावील. कारण तो शब्द चोरांच्या, जुगाऱ्यांच्या आणि लबाड सावकारांच्या संगतींत राहतो, हें त्या पाठांतरांत कोठेंच आलेलें नाहीं. ‘अ‍ॅब्स्टेन’ म्हणजे ‘दूर राहणें’ हें खरें. परंतु माणूस मद्यापासून किंवा मतदानापासून अ‍ॅब्स्टेन करतो, सापापासून करीत नाहीं. ‘मिटिगेट’ म्हणजे ‘कमी करणें’; पण शिक्षेची कठोरता किंवा दुष्काळाची झळ मिटिगेट होते, कापसाचा भाव होत नाहीं. ‘ऑब्सिक्विअस’ म्हणजे ‘अतिशय नम्र’ एवढेंच ज्यानें लिहून घेतलें, तो नोकरीच्या अर्जांत मोठ्या विनयानें स्वतःला लाळघोट्या म्हणवून घेईल. यांतल्या कोणत्याही मुलाचा अभ्यास कमी पडलेला नाहीं. त्यानें सांगितलें तेंच पाठ केलें आहे. त्याला हत्तीचा एक पाय दाखविला आणि तोच हत्ती म्हणून सांगितलें, हा दोष शिकविण्याच्या रीतीचा.

आणि याची किंमत सर्वांना सारखीच मोजावी लागत नाहीं. ज्या घरांत इंग्रजी पुस्तकें आहेत, वडील माणसें इंग्रजी बोलतात, तेथें मुलाला शाळेनें न दिलेला प्रयोग घरीं मिळतो. शाळेंतला अर्थ आणि घरांतला प्रसंग यांची गांठ आपोआप पडते. इंझोरीसारख्या गांवांतल्या मुलाला मात्र शाळेनें जें दिलें तेवढेंच. शाळेनें नुसता अर्थ दिला तर त्याच्यापाशीं नुसता अर्थच राहतो. एकच पद्धति एका मुलाला पुरी पडते आणि दुसऱ्याला अर्ध्यावर सोडते. आणि मग आपण त्या दुसऱ्याला मंदबुद्धि म्हणून मोकळे होतों.

या दुखण्याचें निदान शास्त्रीय रीतीनें प्रथम झालें तें आपल्याच देशांत, हें पुष्कळांना माहीत नसतें. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बंगालमध्यें, डाक्का येथें काम करीत असतां त्यांना दिसून आलें कीं, हिंदी विद्यार्थ्याला इंग्रजी पुस्तकांतील अपरिचित शब्दांचा ढीग एकदम पेलत नाहीं. त्यांनीं शब्दांची संख्या आंखून देणारीं वाचनपुस्तकें रचलीं. पुढें एंडिकॉट यांच्यासह १९३५ सालीं त्यांनीं एक कोश काढला. त्यांत सुमारें २४,००० शब्द व वाक्प्रचार अवघ्या १,४९० शब्दांच्या भाषेंत समजाविलेले होते. इंग्रजीच्या कोशांत कठीण शब्दाची व्याख्या त्याहून कठीण शब्दांत सांपडते, आणि ती समजण्यास पुन्हां कोश उघडावा लागतो, हा आपणां सर्वांचा अनुभव. वेस्ट यांनीं त्या चक्राला खीळ घातली. त्याच सुमारास ए. एस. हॉर्नबी हे जपानांत शिकवीत होते. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं परदेशी विद्यार्थ्यांसाठीं रचलेला कोश १९४२ सालीं टोकियोंत निघाला, आणि १९४८ सालीं ऑक्सफर्डनें तो पुन्हां प्रसिद्ध केला. क्रियापदापुढें कोणती रचना येते, नाम मोजतां येतें कीं नाहीं, आणि शब्द प्रत्यक्ष वाक्यांत कसा बसतो, हें त्यांत दाखविलेलें होतें. पुढें १९८७ सालीं बर्मिंगहॅम येथील जॉन सिंक्लेअर यांच्या मंडळानें, संगणकांत सांठविलेल्या प्रत्यक्ष भाषेच्या आधारानें, व्याख्याच पुऱ्या वाक्यांत लिहिणारा कोश काढला. व्याख्या आणि उदाहरण यांच्यामधली भिंत तेथें जवळजवळ पडली. केसोबासांनीं सूत्राला दृष्टान्त जोडला होता. सात शतकांनंतर कोशकारांनीं व्याख्येलाच दृष्टान्ताचें रूप दिलें.

आपल्या प्रांतांतही प्रयोगाधिष्ठित कोशविद्येची जाणीव जागी होती. इंझोरीच्याच जिल्ह्यांतलें कारंजा हें जैन ग्रंथभांडारांसाठीं प्रसिद्ध. तेथील हस्तलिखितांच्या आधारें कारंजा जैन ग्रंथमाला निघाली. पुष्पदंताचें ‘जसहरचरिउ’ हें अपभ्रंश काव्य डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनीं १९३१ सालीं, आणि ‘णायकुमारचरिउ’ हें अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजांतील प्रा. हीरालाल जैन यांनीं १९३३ सालीं संपादून प्रसिद्ध केलें. या ग्रंथांना इंग्रजी प्रस्तावना आणि शब्दसूचि जोडलेल्या आहेत. ज्या भाषेच्या मागें लागून आपलीं मुलें शिणत होतीं, तीच भाषा येथें दहाव्या शतकांतल्या आपल्याच शब्दांचे अर्थ उलगडण्याच्या कामीं लागली. इंग्रजीवर ताबा असणें म्हणजे काय, याचें मला याहून चांगलें उदाहरण ठाऊक नाहीं. त्याच दशकांत, १९३२ ते १९३८ या काळांत, यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांनीं ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग काढले, आणि त्यांत जुन्यानव्या ग्रंथांतले प्रयोग पुराव्यादाखल दिले.

आतां आजच्या काळाकडे येऊं. महाराष्ट्रांतल्या मराठी शाळांतून २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविली जाते. हातांतल्या यंत्रावर क्षणांत कोणत्याही शब्दाचा अर्थ, उच्चार आणि उदाहरण उमटतें. रोज एक नवा शब्द आपण होऊन पुढें येतो. मोल्सवर्थांच्या शास्त्र्यांना जें वर्षानुवर्षें खपून जमवावें लागलें, तें आज खेड्यांतल्या मुलालाही फुकट मिळूं शकतें. दुष्काळ शब्दांचा राहिलेला नाहीं. परंतु त्या यंत्रांतलीं उदाहरणें पाहिलीं तर तीं बहुधा दुसऱ्याच जगांतलीं असतात. तीं हिमवर्षावाचीं, भुयारी रेल्वेचीं आणि न पाहिलेल्या खाद्यपदार्थांचीं. अशा ठिकाणीं अनोळखी शब्द समजाविण्यासाठीं अनोळखी प्रसंग वापरला जातो, आणि उदाहरणाचा हेतूच फुकट जातो. तर्खडकरांचा बैल येथें आठवतो.

म्हणून, श्रोतेहो, ज्या घरांत मुलें इंग्रजी शिकत आहेत त्या घरांसाठीं या इतिहासांतून एक व्यवहार्य गोष्ट निघते. मुलानें नवा शब्द आणला कीं अर्थ विचारून थांबूं नये. तो शब्द कोणाच्या संगतींत राहतो, कोणाविषयीं वापरतात, कोणाविषयीं वापरीत नाहींत, हें विचारावें. मग त्याच्याकडून त्या शब्दाचें एक वाक्य करवून घ्यावें, आणि तें वाक्य त्याच्याच जगांतलें असावें. ‘मिटिगेट’ शिकणाऱ्या इंझोरीच्या मुलानें अवकाळी पावसानें बसलेला फटका विम्यानें किती हलका झाला, याविषयीं लिहावें; ‘अ‍ॅब्स्टेन’ शिकणाऱ्यानें एकादशीच्या उपासाविषयीं लिहावें; ‘नोटोरियस’ शिकणाऱ्यानें खोट्या बियाण्यांच्या व्यापाऱ्याविषयीं लिहावें. असें वाक्य चुकलें तरी दुरुस्त करतां येतें. पाठ केलेला अर्थ मात्र चुकत नाहीं आणि उपयोगीही पडत नाहीं.

हें काम घरांचें आहे तितकेंच शिक्षकांचें आणि पाठ्यपुस्तकें रचणाऱ्यांचें आहे. ज्या वऱ्हाडांत सूत्रापाठोपाठ दृष्टान्त देण्याची रीत मराठी गद्याच्या प्रारंभीं रुजली, आणि जेथें रिद्धपुरास २०२४ सालीं मराठी भाषेचें विद्यापीठ सुरू झालें, तेथें परभाषा शिकविण्याची आपली स्वतःची पद्धति घडविणें अशक्य नाहीं. आपल्या पिकांचीं, आपल्या कोर्टकचेऱ्यांचीं, आपल्या सणांचीं व आपल्या आजारांचीं वाक्यें असलेला, मराठी मुलासाठीं रचलेला इंग्रजी प्रयोगकोश ही चैन नव्हे. तो हातीं आल्यास इंझोरीच्या मुलाला शहरांतल्या मुलाशीं एका रांगेंत उभें राहतां येईल. आणि त्याच्या बापाला कचेरींत भेटलेले शब्दही, प्रथमच, शाळेंत ज्ञान म्हणून मोजले जातील.